आवक-जावकचं टेबल

गेल्या जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेची, सुट्टी संपवून ऑफिसला आले तर इनबॉक्समधे २१४ न वाचलेले मेल. सुट्टी म्हणजे किती, अक्षता सोहळा आणि संक्रांत धरून जेमतेम तीन दिवस. सिद्धेश्वरांच्या यात्रेत अख्खं सोलापूर नंदीध्वजांमागं रस्त्यावर असतं, आमचे लूम बंद, पॅकिंगच्या मावशी घरी पाहुण्यांच्या गराड्यात, पण हॅम्बुर्गच्या बायरला गड्डा कुठून माहीत असणार, त्याच्यासाठी ते कामाचेच दिवस, तो मेल टाकत राहतो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल एक्स्पोर्ट युनिटमधे मर्चंडायझिंग आणि डॉक्युमेंटेशन बघते, बारा वर्षं झाली. बायर एका टोकाला, डाइंग (रंगाईचे) मास्तर दुसऱ्या टोकाला आणि मधे मी. लॅब डिप (रंगाचा नमुना) पास झाला का, जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) किती आला, टॅगचं आर्टवर्क, पॅकिंग लिस्ट, सीएचएला (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला) कागद, बीएलचा (जहाजावर चढवलेल्या मालाच्या पावतीचा) ड्राफ्ट, सगळं मेलवर चालतं. त्यामुळं मेल म्हणजे माझ्यासाठी कामाच्या आड येणारी गोष्ट नाही, मेल हेच काम आहे. "मेल कमी बघा, सुखी राहा" असला सल्ला वाचला की मला काहीच उपयोग होत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

तर त्या २१४ मधे एक मेल होता. विषय होता "री: री: फॉरवर्ड: री: शेड अ‍ॅप्रूव्हल", नोव्हेंबरपासून चाललेली लांबलचक साखळी, शेड म्हणजे रंगाची छटा, ती तर कधीच पास झालेली. त्या साखळीच्या शेवटच्या उत्तरात बायरच्या ऑफिसमधल्या नवीन मुलीनं तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की ग्रे कलरचा आर्टिकल नंबर बदललाय त्यामुळं बारकोड टॅग नवीन लावा, आर्टवर्क सोबत जोडलंय. मेल नऊ जणांना होता. मी विषय वाचला, शेडचं काम झालंय म्हणून पुढं गेले. नंतर एकेकाला विचारलं तेव्हा कळलं की नऊपैकी चौघांनी तो मेल उघडून वाचलाही होता, आणि चौघांनाही प्रामाणिकपणे वाटलं की हे मॅडम बघतीलच.

आठ दिवसांनी बायरनं पॅकिंगचे फोटो मागवले तेव्हा उघडकीला आलं. ग्रेच्या १८६ पेट्या सील झाल्या होत्या, एका पेटीत २४ नग, म्हणजे ४,४६४ टॅग काढून परत लावायचे, आणि कंटेनर न्हावा शेवा बंदराला पोचायची तारीख चार दिवसांवर. मावशींनी ते केलं. एक पूर्ण रविवार आणि दोन दिवस जादा थांबून केलं. एका मावशींच्या मुलीला बघायला त्या रविवारी पाहुणे येणार होते, त्यांनी ते पुढच्या रविवारवर ढकललं आणि मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, "होतंय की मॅडम" एवढंच. शेठही ओरडले नाहीत. पण मला त्या मावशींकडं बघवत नव्हतं. न वाचलेल्या एका परिच्छेदाची किंमत ज्यांचा ईमेलशी कधी संबंधच आला नाही त्या बायकांनी भरली, हे मला आजही सहन होत नाही.

त्याच आठवड्यात पाण्याच्या दिवशी पहाटे अप्पांबरोबर टाकी भरत होते. आमच्याकडं पाणी काही दिवसाआड येतं, त्यामुळं त्या दिवशी घरातले सगळे लवकर उठतात आणि बोलणंही त्याच वेळी होतं. अप्पा म्हणजे माझे वडील, १९७१ ला लक्ष्मी-विष्णू मिलच्या ऑफिसात लागले आणि मिल बंद पडेपर्यंत तिथंच होते, त्यातली बरीच वर्षं आवक-जावकच्या टेबलावर. मी त्यांना सगळं सांगितलं, टॅगचं, पाहुण्यांचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुमच्यात आवक कोण करतंय?"

मी म्हटलं आवक कसली अप्पा, मेल थेट प्रत्येकाला येतो.

"मग नंबर कोण टाकतंय? कुणाकडं मार्क झालं ते कुठं लिहितात?"

कुठंच नाही.

मग त्यांनी सांगितलं ते मी त्याआधी कधी नीट ऐकलंच नव्हतं. मिलला टपाल दिवसातनं ठरलेल्या वेळी यायचं. सगळी पाकिटं एकाच टेबलावर फुटायची. प्रत्येक पत्रावर आवकचा शिक्का, तारीख, नंबर, मग रजिस्टरमधे नोंद, कुणाकडून आलं, विषय काय. मग ते साहेबांकडं जायचं, साहेब कोपऱ्यात कुणी बघायचं ते लिहून सही करायचे आणि पत्र त्या माणसाच्या टेबलावर. त्यानं उत्तर दिलं की जावकला नोंद आणि आवकच्या रकान्यात "निकाली". महिनाअखेरीला ज्या नंबरापुढं निकाली नाही ते उघडं पडायचं. "आणि एका पत्रावर एकच नाव," अप्पा म्हणाले. "दोघांच्या नावानं मार्क केलेलं पत्र कुणाचंच नसतंय बाळ."

हे ऐकताना माझ्या डोळ्यापुढं तो नऊ जणांचा मेल आला.

ज्या वर्षी अप्पा मिलला लागले त्याच १९७१ साली तिकडं अमेरिकेत रे टॉमलिन्सन नावाच्या इंजिनिअरनं नेटवर्कवरून एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात पहिला मेल पाठवला, दोन्ही मशीन एकाच खोलीत होत्या म्हणे, आणि माणसाचं नाव व मशीनचं नाव वेगळं करायला त्यानं अ‍ॅटचं चिन्ह निवडलं. म्हणजे अप्पांचं टेबल आणि ईमेल एकाच वयाचे. पण ईमेल ऑफिसात आला तेव्हा टपालवाला गेला, शिक्का गेला, आणि त्यांच्याबरोबर ते टेबलही गेलं. आवक क्लार्कचं काम संपलं असं सगळ्यांना वाटलं. खरं म्हणजे ते काम प्रत्येकाच्या डोक्यावर थोडं थोडं वाटलं गेलं, कुणाला न सांगता, आणि आपण ते दिवसभर इतर कामं करता करता चोरून करत असतो. मला वाटतं मेलचं जे ओझं ओझं म्हणतात ते मेलच्या आकड्याचं कमी आणि या न दिसणाऱ्या कामाचं जास्त आहे.

मी एक दिवस मोजून बघितलं. १३१ मेल आले. त्यातले ज्यावर मलाच काहीतरी करायचं होतं असे फक्त २६. साठच्या वर मेलमधे मी नुसती सीसीत होते. बाकी ओके, थँक्यू, बँकेच्या जाहिराती, शिपिंग लाइनचे वेळापत्रक. पण ते २६ शोधायला मला १३१ उघडावे लागले, आणि दिवसभरात इनबॉक्स किती वेळा उघडला ते मोजायला गेले तर जेवणापर्यंतच चाळीसच्या पुढं गेलं, मग मोजणं सोडलं.

सीसीवरून अप्पांनी अजून एक गोष्ट सांगितली. सीसी म्हणजे कार्बन कॉपी हे आपल्याला माहीत असतं पण ती काढायला काय लागायचं हे माहीत नसतं. टाइपरायटरला कागद, कार्बन, कागद, कार्बन असा गठ्ठा चढवायचा, चौथी-पाचवी प्रत इतकी फिकट यायची की उजेडात धरून वाचावी लागायची, आणि एक अक्षर चुकलं तर प्रत्येक प्रतीवर वेगळं खोडायचं. त्यामुळं टायपिस्ट विचारायचा, प्रत कुणाकुणाला, आणि खरंच लागणार का. आता ती नववी प्रतही पहिलीइतकीच ठसठशीत निघते, म्हणून कुणी विचारत नाही. मला तर वाटतं आमच्यात निम्म्या सीसी भीतीपोटी जातात, उद्या काही झालं तर "तुम्हाला मेल केला होता की" म्हणता यावं म्हणून. मीही तेच करत होते, शेठला प्रत्येक गोष्टीत सीसी. शेठ ते वाचत नव्हते, हे त्यांनीच नंतर सांगितलं.

तर मी शेठशी बोलून आमच्याकडं आवकचं टेबल परत बसवलं. नवीन सॉफ्टवेअर काही नाही, एक साधी गूगल शीट. आवक नंबर, तारीख, बायर, पीओ (खरेदीच्या ऑर्डरचा) नंबर, काय पाहिजे, कुणाकडं, निकाली. बायरकडून आलेला ज्या कुठल्या मेलमधे काही करायला सांगितलंय तो तिथं चढतो, आणि "कुणाकडं" या रकान्यात एकच नाव. मी आणि माझी ज्युनियर आळीपाळीनं आवक करतो, एक आठवडा ती, एक आठवडा मी, आणि ज्याची आवक त्यानं मेल तळापर्यंत वाचायचाच, विषय बघून पुढं जायचं नाही. सुरुवातीला ज्युनियरला हे दुप्पट काम वाटलं, मेल आहे तर परत लिहायचं कशाला. पंधरा दिवसांनी तीच म्हणाली की रात्री झोपताना आता काही राहिलं का असं आठवत पडावं लागत नाही, कारण जे राहिलंय ते शीटमधे दिसतंय.

दुसरी गोष्ट वेळेची. टपाल ठरलेल्या वेळी यायचं म्हणून मिलमधे बाकीच्या वेळात माणसं काम करायची. आम्ही घड्याळ बघून ठरवलं. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा थंडीत आपल्याकडं संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, उन्हाळ्यात साडेसहा, म्हणजे अमेरिकेच्या बायरचा सगळा दिवस आपल्या रात्रीत जातो आणि सकाळी सगळं एकदम तयार असतं. हॅम्बुर्गचे नऊ म्हणजे थंडीत आपले दुपारचे दीड, उन्हाळ्यात साडेबारा. मग आवक सकाळी साडेनऊला, दुपारी अडीचला आणि शेवटची साडेपाचला. मधल्या वेळात नोटिफिकेशन बंद, मोबाइलवरचं पण. मी आधी घाबरले होते की अर्जंट काही आलं तर, पण बारा वर्षांत खरं अर्जंट जे काही आलं ते फोनवरच आलं, कंटेनर अडकला की सीएचए मेल करत बसत नाही, फोन करतो. नंतर वाचनात आलं की कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात कोस्टाडिन कुशलेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी १२४ लोकांवर हाच प्रयोग केला होता, एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायचा आणि एक आठवडा हवा तेवढ्या वेळा, आणि तीनदाच्या आठवड्यात ताण कमी निघाला, २०१५ ला छापून आलंय. मला ते वाचून बरं वाटलं, पण मला पटलं ते त्याआधीच, कारण पॅकिंग लिस्ट एका बैठकीत पूर्ण व्हायला लागली आणि नेट वेट, ग्रॉस वेटच्या चुका बंद झाल्या.

आता मेल लिहिण्याबद्दल, कारण दुसऱ्याच्या टेबलावर ओझं टाकणारे आपणच असतो.

विषयात आधी पीओ नंबर, मग काय पाहिजे, मग कधीपर्यंत. "पीओ अमुक, ग्रे बारकोड बदल, २० तारखेपर्यंत टॅग." विषय बदलला की जुन्या साखळीत उत्तर द्यायचं नाही, नवीन मेल. हे बायरला पण लिहून कळवलं, जरा संकोच वाटत होता, उगाच शिकवल्यासारखं, पण हॅम्बुर्गच्या त्या मुलीनं लगेच मानलं आणि आता ती आमच्यापेक्षा काटेकोर विषय लिहिते. साखळीतून बदल आला तर आम्हीच तो वेगळा काढून नव्या विषयानं परत पाठवतो, "हा बदल आम्ही असा समजलोय, बरोबर आहे का" असं विचारून.

पहिल्या ओळीत मागणी. आपल्याकडं नमस्कार, कसे आहात, आपल्या दिनांक अमुकच्या मेलच्या संदर्भात वगैरे करत खरी गोष्ट पाचव्या ओळीत येते. नमस्कार हवाच, तो मी कधी सोडणार नाही, पण त्याच्या लगेच खाली काय पाहिजे ते.

आणि भाषा. याबद्दल मला खूप वाटतं. आमच्या डाइंग मास्तरांच्या घरात तेलुगू, बाहेर मराठी, तीस वर्षं शेड बघतायत, डोळ्यानं नुसतं बघून सांगतात लाल जास्त झालाय. त्यांना मी बारा वर्षं इंग्रजी मेल फॉरवर्ड करत होते, खाली "प्लीज सी बिलो" लिहून. ते बघायचे की नाही माहीत नाही, उत्तर यायचं नाही, मग मी चिडून खाली डाइंगला जायचे. आता मी मराठीत लिहिते, मोबाइलवर बोलून टाइप करते, चार ओळी. "मास्तर, ग्रेमधे निळसर झाक थोडी कमी पाहिजे, बाकी बायर खूश आहे, नवीन लॅब डिप गुरुवारपर्यंत द्याल का?" त्याच दिवशी उत्तर येतं, कधी नुसता लॅब डिपचा फोटो. इतकी वर्षं मी त्यांच्यावर मेल न बघण्याचा ठपका ठेवत होते, आणि चूक माझी होती, त्यांच्या वाट्याचं वाचायचं काम मी त्यांच्यावर ढकलत होते.

ओके आणि नोटेडच्या मेलबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. असले मेल पाठवूच नका असं सगळीकडं सांगतात. नऊ जणांनी नऊ ओके पाठवायचे नाहीत हे खरं, पण ज्याच्या नावावर काम मार्क आहे त्यानं "मिळालं, शुक्रवारपर्यंत करतो" एवढं लिहायलाच पाहिजे. ती पोच आहे. अप्पांच्या काळी बारनिशीत, म्हणजे पत्रं पोचवल्याच्या वहीत, सही घेतल्याशिवाय पत्र हातात द्यायचे नाहीत. पोच नाही म्हणजे पोचलं नाही असंच धरायचं.

व्हॉट्सअ‍ॅपचं पण सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथं होतो. बायरचा इथला एजंट शेडचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर बघून "चालेल" म्हणतो आणि महिन्यानं तो मेसेज सापडत नाही किंवा फोन बदललेला असतो. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर जे ठरलं ते साडेपाचच्या आवकनंतर मी एका मेलमधे लिहून पाठवते, "आज फोनवर ठरल्याप्रमाणे", तीन ओळी. यानं मेल वाढतो, कमी होत नाही, तरी मी ते सोडणार नाही. वाढला तरी चालणारा मेल पण असतो.

जीमेलमधल्या दोन-तीन गोष्टी ज्यांनी खरंच मदत केली. पाठवलेला मेल मागं घ्यायची मुदत सेटिंगमधे ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, मुळात ५ च असते, ती वाढवून घ्या, अटॅचमेंट राहिली हे बहुतेक वेळा सेंड दाबल्याच्या क्षणालाच आठवतं. फिल्टर लावून मी नुसती सीसीत असलेले आतले मेल "माहितीसाठी" या लेबलखाली टाकते आणि साडेपाचला एकदम बघते, पण बायरचा कुठलाच मेल या फिल्टरमधे घेतला नाहीये, टॅगच्या प्रकरणानंतर तेवढी हिंमत नाही. २५ एमबीच्या वर अटॅचमेंट जात नाही, म्हणून शेडचे मोठे फोटो ड्राइव्हवर आणि मेलमधे लिंक. आणि शेड्यूल सेंड. मला रात्री अकराला काही सुचतं, लिहून टाकते, पण पाठवण्याची वेळ सकाळी साडेनऊ. माझ्या ज्युनियरचं बाळ लहान आहे, रात्री माझं नाव तिच्या फोनवर चमकलं की ती उत्तर देणारच, मी कितीही म्हटलं सकाळी बघ तरी. फ्रान्समधे २०१७ पासून कायदाच आहे की पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीनं कामाच्या वेळेबाहेरच्या मेलबद्दल कामगारांशी बसून ठरवायचं. आपल्याकडं कायद्याची वाट कशाला बघायची, वरच्या माणसानं एवढं केलं तरी पुरे.

एक धोक्याची गोष्ट पण लिहिते, कारण घाईत मेल उपसताना माणूस नेमका यात सापडतो. मागच्या वर्षी आमच्या सूत पुरवणाऱ्याच्या नावानं मेल आला की बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट या खात्यावर करा. लेटरहेड तेच, सही तीच. अकाउंटच्या काकांनी नुसतं पत्त्याकडं नीट बघितलं, इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी लिहिले होते, पटकन बघितलं तर एमच दिसतो. त्यांनी मेलमधल्या नंबरवर फोन न करता डायरीतल्या जुन्या नंबरवर केला आणि पैसे वाचले. खातं बदलल्याचा मेल आला की आमच्यात आता तो आवकला लाल रंगात चढतो आणि जुन्या नंबरवर बोलणं झाल्याशिवाय निकाली होत नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा, जितका लवकर तितकं ते खातं गोठवता यायची शक्यता जास्त.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. शेठ अजून कधीकधी कुणाला मार्क न करता तिघांना "प्लीज डू नीडफुल" पाठवतात, मग मी त्यांना फोन करून विचारते, शेठ यात नाव कुणाचं लिहू, आणि ते सांगतात. मार्चअखेरीला गर्दी झाली तेव्हा तीन दिवस शीट भरली नव्हती आणि चौथ्या दिवशी तीन तास बसून भरावी लागली. न वाचलेल्या मेलचा आकडा शून्यावर आणायच्या मागं मी लागलेली नाही, आत्ता हे लिहिताना पण ३८ आहे. पण त्यात कुणाचं काम अडकलेलं नाही हे मला माहीत आहे.

येत्या जानेवारीसाठी ऑटो रिप्लाय आत्ताच लिहून ठेवलाय, बायरला सांगणारा की ग्रामदैवताच्या यात्रेसाठी आमचं गाव तीन दिवस बंद असतं, टॅग किंवा पेटीच्या मार्किंगमधे बदल असेल तर कृपया त्याआधी कळवा. हॅम्बुर्गच्या मुलीला तो आधीच पाठवला होता, तिनं यात्रेचे फोटो मागितलेत.

आजच्या आवकमधे निकाली न झालेल्या दोन ओळी आहेत. एक बीएलचा ड्राफ्ट, कन्सायनीच्या (माल घेणाऱ्याच्या) पत्त्यात पिनकोड चुकलाय, सीएचएला कळवलंय, पोच आलीय. दुसरी मास्तरांकडं, क्रीम कलरचा लॅब डिप. उद्या पाणी आहे, त्यामुळं पहिली आवक साडेनऊऐवजी दहाला, तसं ज्युनियरला कळवलंय.